मदत हवी आहे: सीएसएमटी लोकल ते भुयारी मेट्रो, व्हीलचेअरसह

ठाण्याहून आईला घेऊन कफ परेडला जायचंय, कामाच्या दिवशी, अकराच्या सुमारास. सीएसएमटीला लोकलचे फलाट टोकाला बंद, त्यामुळे पूल चढायचा नाही. तिथवर अडचण नाही. पुढे मेट्रो ३ ने चौथं स्टेशन. अडतंय ते मधल्या टप्प्यात. गूगल मॅप्स चालायचा रस्ता दाखवतो, पण पायऱ्या की रॅम्प ते सांगत नाही. पायऱ्या आणि सरकते जिने दोन्ही आईला जमत नाहीत. व्हीलचेअर घडीची आहे, पण उचलून न्यायला मी एकटाच. मेट्रोचं तिकीट वरच काढून ठेवेन, खाली रेंजचा भरवसा नाही. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३, हा मार्ग नको, उलटा फेरा पडतो. टॅक्सीही शेवटचा पर्याय.

लोकलच्या फलाटावरून एकही पायरी न लागता मेट्रोच्या लिफ्टपर्यंत जाता येतं का? रस्त्यावरून जावं लागत असेल, तर लिफ्ट नेमकी कोणत्या गेटपाशी आहे?