बाल्डर्स गेट ३ : करिश्मावाल्या पात्राची फोड कुठं करायची?

रंकाळाकाठ
माझं म्हणणं सरळ आहे. मुख्य पात्र करिश्मावर (व्यक्तिमत्त्वाचा, बोलण्याचा आकडा) बांधायचं असेल तर पॅलाडिनच्या (शपथ घेतलेला योद्धा) दोनच लेव्हल घ्याव्यात आणि उरलेल्या दहा बार्डला (गाणारा जादूगार) द्याव्यात, तेही कॉलेज ऑफ स्वॉर्ड्स या तलवारबाज शाखेच्या बार्डला. आमच्या कोल्हापूरच्या टोळीत यावर एकमत होत नाही, म्हणून धागा काढतोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. लॅरियन कंपनीचा हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. लेव्हल एकूण १२, त्या एकाच क्लासला (पात्राचा पेशा) द्यायच्या किंवा दोन-तीन क्लासमध्ये वाटायच्या, तीच ही फोड. पॅलाडिन, बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या चार क्लासची सगळी जादू करिश्मावर चालते. त्यामुळं यांची आपापसात भेसळ केली तरी एकच आकडा वाढवत राहायचा आणि सगळ्यांचं भागतं. विझर्ड आणि क्लेरिक एकत्र करून बघा, इंटेलिजन्स आणि विस्डम दोन्ही सांभाळता सांभाळता दोन्हीकडं उपाशी.

आता पॅलाडिन दोनच का? दुसऱ्या लेव्हलला डिव्हाइन स्माइट मिळतं. वार बसल्यावर एक स्पेल स्लॉट (जादू टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) जाळायचा आणि जादा नुकसान करायचं. त्याला लागतात स्लॉट. निव्वळ १२ लेव्हलच्या पॅलाडिनकडं एकूण १० स्लॉट असतात, या २-१० वाल्याकडं १६. सहाव्या बार्ड लेव्हलला दुसरा हल्ला मिळतो, शिवाय बार्ड असल्यानं एक शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) वाढीव.

पण माझा खरा मुद्दा मारामारीचा नाहीच. बार्डच्या तिसऱ्या लेव्हलला एक्स्पर्टाइज मिळतं. शेवटच्या टप्प्यात प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) ४ असते, एक्स्पर्टाइजनं ती ८ होते, करिश्मा २० चे ५ धरून पर्सुएशनला (समोरच्याला पटवणं) १३. नुसत्या पॅलाडिनला ९. समोर ३० चा आकडा गाठायचा आला तर पॅलाडिनला वीस बाजूंच्या फाशावर २० (तो पडला की जमतंच) पडण्यावाचून गत्यंतर नाही, या पात्राला १७ पासून पुढं काहीही चालतं. हा गेम निम्मा बोलण्यात आहे. जो बोलतो त्यालाच तो पूर्ण दिसतो.

शिरोली_सेकंडशिफ्ट
भावा, बोलणं ठीक आहे, पण तू सहावी लेव्हल टाकून दिलीस आणि तिचं नावसुद्धा काढलं नाहीस. पॅलाडिन ६ ला ऑरा ऑफ प्रोटेक्शन. तुझ्या करिश्माचा बोनस तुझ्या आणि ३ मीटरच्या आतल्या सगळ्या सोबत्यांच्या प्रत्येक सेव्हला (जादू किंवा संकट झटकून टाकायचा फासा) मिळतो. करिश्मा २० असेल तर सगळ्यांना अधिक ५, कायम, फुकट, स्लॉट न जाळता. होल्ड पर्सन ही जादू लागली आणि सोबतीण शॅडोहार्ट जागच्या जागी गोठली की पुढच्या दोन फेऱ्यांत काय होतं ते ऑनर मोड खेळणाऱ्याला विचार. तिथं सेव्ह फाईल एकच. सगळी टोळी मेली की संपलं.

करिश्मावाला माणूस म्हणजे ज्याच्या शेजारी उभं राहिलं की बाकीच्यांना बळ येतं. गेमनं हे एकाच ठिकाणी नीट उतरवलंय, ते म्हणजे हा ऑरा. आणि तू तेच सोडून गोड बोलण्याच्या मागं लागलायस.

अजून एक. दुसरा हल्ला निव्वळ पॅलाडिनला पाचव्या लेव्हलला मिळतो. तुझ्या फोडीत तो एकूण आठव्या लेव्हलला येतो. मधल्या तीन लेव्हलमध्ये अंडरडार्क आहे, ग्रिमफोर्ज आहे, दुसऱ्या अंकाची सुरुवात आहे. लई महागात पडतं ते.

आठवी_गल्ली
दोघंही चुकताय. मल्टिक्लास करूच नका. बार्ड १२ घ्या, कॉलेज ऑफ लोर या शाखेचा. अकराव्या लेव्हलला सहाव्या पातळीची जादू येते. २-१० वाल्याकडं सहाव्या पातळीचा स्लॉट असतो, पण त्या पातळीची एकही जादू शिकलेली नसते. रिकामं भांडं. लोर बार्डला सहाव्याच लेव्हलला मॅजिकल सिक्रेट्स मिळतात, म्हणजे दुसऱ्या क्लासच्या जादू. शिवाय फीट (निवडून घ्यायचे जादा गुण) तीन, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या लेव्हलला. रंकाळाकाठचे दोनच होतात.

आमच्या तालमीत वस्ताद नवीन पोराला वर्षभर एकच डाव घोटायला लावायचे. पोरगं कंटाळायचं, पण मैदानात तोच डाव लागायचा. बारा लेव्हलमध्ये दोन क्लास म्हणजे दोन्ही अर्धे घोटलेले.

रंकाळाकाठ
@आठवी_गल्ली, सहाव्या पातळीची जादू दिवसाला एकदाच टाकता येते. त्या एका जादूसाठी मी स्माइट सोडणार नाही. आणि पुढं उभं राहायला चिलखत लागतं. पहिली लेव्हल पॅलाडिनची घेतली तरच जड चिलखत वापरता येतं, नंतर घेतली तर नाही. त्यामुळं सुरुवात पॅलाडिननंच करायची, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

@शिरोली, ऑराबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. पण दुसऱ्या अंकातला एक प्रसंग घे. (ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.) शार देवीच्या मंदिरात युरगिर नावाचा ऑर्थन (सैतानी योद्धा) आहे. भोवती त्याचे मेरेगॉन सैनिक, सोबत डिस्प्लेसर बीस्ट. लढायला गेलात तर तो अदृश्य होतो, वरून बाँब टाकतो, पोरं तिथं घामाघूम होतात. तो राफाएल नावाच्या सैतानाच्या कराराला बांधलेला आहे आणि त्या कराराचा अर्थ त्याला स्वतःलाच नीट लागलेला नाही. ते त्याच्याशी बोलता बोलता उलगडतं. मग पर्सुएशन करत गेलं तर तो आधी स्वतःचे सैनिक मारतो, मग जीव लावलेलं जनावर, आणि शेवटी स्वतःला. तुमच्या एकाही माणसाला ओरखडा येत नाही. तुझा ऑरा सेव्हला मदत करतो. इथं सेव्ह करायची वेळच येत नाही.

टोलनाक्यावरची गेरिंगोथ, इस्पितळातला मालस, दारूच्या भट्टीवरचा थिसोबाल्ड, हे थॉर्म घराण्यातले तिघंही न लढता संपवता येतात. थिसोबाल्डला अर्थात पाजावं लागतं. दुसऱ्या अंकाचा अर्धा जीव या बोलण्यात आहे.

पन्हाळकरीण
या वादात मधली वाट कुणी काढत नाहीये म्हणून लिहिते. पॅलाडिन ८, बार्ड ४. फीट मोजा : पॅलाडिनचे दोन, बार्डचा एक, म्हणजे तीन. निव्वळ क्लासइतकेच. ऑरा मिळाला, शपथेचा सातव्या लेव्हलचा ऑरा मिळाला, एक्स्पर्टाइज मिळालं, दुसरा हल्ला पाचव्या लेव्हलला वेळेत मिळाला. स्लॉट १२ होतात, त्यात चौथ्या पातळीचे दोन. आणि स्माइटचं नुकसान चौथ्या पातळीच्या स्लॉटला आठ बाजूंच्या ५ फाशांवर थांबतं. रंकाळाकाठ, तुमचे पाचव्या-सहाव्या पातळीचे तीन स्लॉट स्माइटला काही जास्त देत नाहीत. १६ आणि १० ची तुलना दिसते तेवढी मोठी नाही.

मी शेवटपर्यंत हीच फोड खेळले. बोलायलाही तीच पुढं आणि दार फोडायलाही.

रंकाळाकाठ
हिशोब पक्का आहे, मानलं. पण क्रम सांगा. युरगिरपाशी पोचताना साधारण आठवी लेव्हल असते. ऑरा आधी घेतला तर तिथं तुमच्याकडं पॅलाडिन ६, बार्ड २. एक्स्पर्टाइज नाही. एक्स्पर्टाइज आधी घेतलं तर पॅलाडिन ५, बार्ड ३. ऑरा नाही. दोन्ही हातात यायला नववी लेव्हल उजाडते. तोवर दुसऱ्या अंकातलं सगळं बोलणं होऊन गेलेलं असतं.

पन्हाळकरीण
मी ५-३ केलं. आठव्या लेव्हलला पर्सुएशन ११ होतं, तुमच्याइतकंच. नवव्याला ऑरा घेतला, तिसऱ्या अंकासाठी. तिसऱ्या अंकातले सेव्ह जास्त जड असतात, तिथंच ऑरा लागतो.

कागद_पेन_फासे
मी टेबलावर खेळवणारा माणूस आहे, कागद-पेन्सिलवाला. व्हिडिओ गेममुळं एक सवय लागलीय ती मला खटकते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमपुस्तकात बार्डमध्ये जायचं तर करिश्मा किमान १३ लागतो, पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही १३. बाल्डर्स गेटमध्ये लॅरियननं ही अट काढून टाकली. वर छावणीतल्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की अख्खं पात्र पुन्हा बांधता येतं. मग लोक आठव्या लेव्हलपर्यंत एक माणूस खेळतात आणि एका रात्रीत दुसराच माणूस होऊन उठतात.

पॅलाडिननं शपथ घेतलेली असते. ती मोडली की छावणीवर ओथब्रेकर नाइट येऊन उभा राहतो, म्हणजे गेम ती शपथ मनावर घेतो. मग शपथ घेतलेल्या माणसानं बार्ड का व्हावं, याचं उत्तर तुमच्याकडं हवं. कुणीतरी हरला, घर सोडलं, गाणाऱ्यांच्या टोळीत राहिला, असं काहीतरी. करिश्मा म्हणजे व्यक्तिमत्त्व. ज्या आकड्याचा अर्थच व्यक्तिमत्त्व आहे, त्याचं पात्र बांधताना गोष्ट वगळून फक्त फीट मोजत बसलो तर आपण काय बांधतोय?

शिरोली_सेकंडशिफ्ट
सर, गोष्ट पाहिजेच. पण रात्री बाराला कंपनीतून सुटून आल्यावर दोन तास मिळतात. त्यात पात्र चुकीचं बांधलं म्हणून सगळं पहिल्यापासून खेळायला लावलं तर माणूस गेमच सोडेल. विदर्स आहे म्हणून माझ्यासारखा माणूस वेगवेगळं करून बघतो. मला पॅलाडिन आवडतो हे मी तिथंच शोधलं, आधी वॉरलॉक होतो.

आणि वॉरलॉकवरून आठवलं. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये हेक्सब्लेड (वॉरलॉकचा उपप्रकार) आला. त्याची एकच लेव्हल घेतली की शस्त्र करिश्मावर चालतं, स्ट्रेंग्थ पार सोडून देता येते. ताईंच्या फोडीत पॅलाडिन ७, बार्ड ४, हेक्सब्लेड १ करून बघा. एक फीट जातो, पण नेमबाजी, बोलणं, ऑरा सगळं एका आकड्यावर. वॉरलॉकचा स्लॉट वेगळा असतो, शॉर्ट रेस्टला भरतो, तो बिनधास्त स्माइटला जाळायचा.

पन्हाळकरीण
नेमबाजी नाही, फक्त हातातलं बांधलेलं हत्यार. बाकी बरोबर. करून बघते.

आठवी_गल्ली
एकाचे तीन क्लास झाले. अजून एखादा राहिलाय का ते बघा.

माझा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही. आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. चौघं मिळून खेळताना हे पात्र इतरांना गप्प बसवतं. आमच्यात दोघं राजारामपुरीत, एक कागलला, एक पुण्यात नोकरीला. शनिवारी जमतात. जो करिश्मावाला, तोच प्रत्येक ठिकाणी पुढं जाऊन बोलणार. बाकी तिघं त्याचा संवाद ऐकत बसणार आणि नंतर पोती उचलणार. कागलवाल्यानं मागच्या वेळी सरळ सांगितलं, मला कळवा मारामारी सुरू झाली की, तोवर मी जेवून येतो.

रंकाळाकाठ
हा मुद्दा मला लागला, कारण तो कागलवाला माझाही मित्र आहे. पण उपाय करिश्मा कमी करण्यात नाही. आम्ही यापुढं वाटून घेतोय. पर्सुएशनचं एक्स्पर्टाइज माझ्याकडं. धमकी द्यायची असेल तर कागलवाला बार्बेरियन पुढं जाणार, त्याला काही ठिकाणी क्लासचे स्वतःचे पर्याय येतात. आणि रॉग (चोर) घेतलेल्या पुणेकराकडं डिसेप्शन, म्हणजे थापा मारणं. गेम ज्यानं संवाद सुरू केला त्यालाच बोलू देतो, मग दारात कोण आधी शिरायचं एवढंच ठरवायचं आहे.

शिरोली_सेकंडशिफ्ट
ते ठीक. पण २-१० की ८-४ याचा निकाल लागला नाही. माझ्याकडं युरगिरच्या अलीकडची सेव्ह फाईल आहे, साधा मोड, आठवी लेव्हल. विदर्सकडून तिन्ही फोडी करून त्याच जागी उतरायचं. माझी अट एकच, बोलायचं नाही, थेट लढायचं.

रंकाळाकाठ
थेट लढायचं असेल तर तू माझ्या पात्राची जीभच कापलीस. आधी बोलून, मग लढून, दोन्ही वेळा मोजू. फाईल पाठव.