तीन वयांची तीन मुलं घरी एकत्र शिकू शकतात का? माझं मत: शाळेपेक्षा बरी शिकतात

रानजाई:
आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली 13 वर्षांची, मधला 9, धाकटी 5. कोरोनानंतर थोरली शाळेत परत गेली, पण वर्ष कुढत काढलं, शेवटी आम्ही दाखला काढून आणला. पाठच्या दोघांना शाळेत घातलंच नाही.

"मुलं माणूसघाणी होतील" आणि "दहावीचं काय करणार" या दोन प्रश्नांचा आता चोथा झालाय. ते कृपया इथे नकोत. मला बोलायचंय ते वेगवेगळ्या वयांबद्दल. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, एकाला शिकवणं समजू शकतो, पण तिघांना एकदम कसं जमवता? मी म्हणते, एकापेक्षा तिघं सोपी. एका वयाची चाळीस मुलं एका खोलीत बसवणं ही सोय शिकवणाऱ्याची आहे, शिकणाऱ्याची नव्हे. घरात, वाड्यात, शेतात मुलं कधी अशी वयाप्रमाणे वेगळी काढलेली नव्हती.

परवाचं उदाहरण. लाइट बिल टेबलावर पडलं होतं. धाकटीने रीडिंगचे आकडे एकेक करून वाचले. मधल्याने चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं, हातच्याला चुकला, परत केलं. थोरलीने पहिले 100 युनिट एका दराने, वरचे दुसऱ्या दराने धरून बिल मांडलं, त्यात स्थिर आकार मिळवला, त्यावर 16 टक्के वीज शुल्क लावलं. आकडा जुळेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार, धरायचाच राहिला होता. एका कागदावर तीन इयत्तांचं गणित झालं, आणि वजाबाकी कशासाठी शिकायची हे मधल्याला सांगावं लागलं नाही. शाळेत हे तिघं तीन खोल्यांत असते.

विरोधी मतं जरूर मांडा, फक्त "आमच्या काळी" नको.

दोनशिक्षकी_गुरुजी:
ताई, बिलाचा तास छान घेतलात. पण "तिघं सोपी" हे पटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट 31, शिक्षक दोन. कायद्याने 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे बहुवर्ग अध्यापन ही आमची हौस नाही, रोजचं काम आहे. एका गटाला समोर घ्यायचं, दुसऱ्याला स्वाध्याय द्यायचा, तिसऱ्यावर गटप्रमुख बसवायचा आणि कान तिन्हीकडे ठेवायचे. चांगलं जमतं तेव्हा पहिलीतलं पोर चौथीची कविता पाठ म्हणून दाखवतं. तिथेच फसगत होते.

लहानगं मूल मोठ्याचं ऐकून उत्तर उचलतं. पाढा घडाघडा म्हणतं, मध्येच "सात सक?" विचारलं की सात एके सातपासून गाडी सुरू. वाचनात तर हे महिनोन्महिने लपून राहतं. धडा मोठ्या भावंडाने आधी मोठ्याने वाचलेला असतो, धाकटं चित्र बघून आणि आठवून "वाचतं". आई खूश.

एक करा. मधल्याला त्याने किंवा ताईने कधीही न वाचलेला मजकूर द्या. त्यात र चारही तऱ्हांचा येऊ द्या: सूर्य, क्रम, राष्ट्र, कऱ्हाड. दार लावून, एकट्याला वाचू द्या. मग इथे लिहा.

दुसरं म्हणजे गटप्रमुखाचं. आमच्याकडे चौथीतली हुशार मुलगी हे काम आनंदाने करते. दिवाळीपर्यंत. नंतर तपासलं की तिचाच भागाकार मागे पडलेला असतो. तुमच्याकडे गटप्रमुख कोण आहे ते ओळखायला मला वेळ लागला नाही.

ठसका:
गुरुजींना +1. रानजाई, माझा प्रश्न साधा आहे. "आम्ही" दाखला काढला, "आम्ही" शाळेत घातलं नाही, मात्र बिलाच्या टेबलापाशी बाबा कुठे दिसले नाहीत.

रानजाई:
नवऱ्याची नोकरी आहे. विज्ञान त्याच्याकडे आहे, शनिवार-रविवार.

ठसका:
आणि तुमची नोकरी?

रानजाई:
सोडली. माझ्या मर्जीने सोडली, हे आधीच सांगून ठेवते.

ठसका:
मर्जीनेच असते हो सगळ्यांची. मी ओळखते अशा चार-पाच घरांत शिकवणारी आईच आहे, आणि नोकरी सोडलेलीही तीच. वयं वेगळी असली की ही नोकरी संपतही नाही. थोरली दहावी होईल तेव्हा धाकटी जेमतेम सातची असेल. शाळा ही बायकांना मिळालेली सगळ्यात मोठी सवड आहे, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही म्हणून मी म्हणते.

काळा_कोट:
कायद्याचं थोडक्यात, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून, वय 6 ते 14. कलम 10 म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. पण ते न केल्याबद्दल पालकाला शिक्षा कुठेही लिहिलेली नाही. दंड आहेत ते मान्यता नसलेल्या शाळा आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी देणगी, घेणारे यांना. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केंद्राने आधी घरी शिकवणाऱ्यांना कायद्याची आडकाठी नाही असं सांगितलं आणि पुढे भूमिका बदलली. तेव्हा "बेकायदा" म्हणणारेही घाई करतात आणि "कायदेशीर" म्हणणारेही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला शिक्षक दारात आले तर तुमची थोरली आणि मधला त्यांच्या फॉर्मवर शाळाबाह्य म्हणूनच जातील, लाइट बिल कितीही चांगलं सोडवत असोत.

अर्धवट_पुणेकर:
सर्वेक्षणाला काय घाबरायचं! पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईवडिलांनी रानात आणि तीर्थयात्रा करत शिकवलं, पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी "सरस्वती" पदवी दिली. रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी, सगळ्यांचा पाया घरीच घातला गेला. आजचं हवं असेल तर मुंबईची एक मुलगी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली, दहावी-बारावी दिलीच नाही, आणि संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आपल्या आयआयटींना मात्र बारावीचा कागद हवा होता.

भीमेकाठ:
रमाबाई घरी शिकल्या कारण मुलींना शाळा नव्हत्या, आणि त्यांचे वडील संस्कृतचे शास्त्री होते. ज्यांच्या घरी शास्त्री नव्हते त्यांच्यासाठी सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा काढली. घरात विद्या असलेल्यांना घर पुरतं. आमच्या घरात नव्हती.

रानजाई, तुमच्यावर राग नाही, पण एक गोष्ट या चर्चेत कधीच येत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या घरातली पहिली शाळेतली नोंद माझ्या आजोबांची. तिसरी नापास, मग ढोरांमागे गेले. त्या एका नोंदीवर माझी जात पडताळणी झाली. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आमच्यासारख्यांकडे जमिनीचे कागद नसतात, असतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. माझे वडील, मी, माझी मुलगी, प्रत्येकाच्या दाखल्यावर ती जात उतरत आली. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे तुमच्यासाठी फाइलमधला एक कागद असेल. आमच्यासाठी ती साखळी आहे. एक पिढी घरी शिकवली की कडी तुटते, आणि मग नातवाने समितीपुढे काय ठेवायचं?

माझी बायको माझ्यापेक्षा चांगलं गणित शिकवते. तरी आम्ही मुलीला शाळेतच घातलं, आणि ती कुरकुरली तरी पाठवतो. एमआयटीच्या मुलीचं कौतुकच आहे, पण बारावीचा कागद नाकारायची ऐपत असावी लागते.

अर्धवट_पुणेकर:
हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. तरी दाखल्याची व्यवस्था वाकडी आहे म्हणून शिकायची पद्धत ठरवायची का?

भीमेकाठ:
व्यवस्था सरळ करा, मग बोलू. तोवर मी दाखला सांभाळतो.

नदीपल्याड:
फिलाडेल्फियाजवळ राहते. माझी दोन मुलं, 11 आणि 7, घरी शिकतात. इथे नियम राज्याराज्यात बदलतात. आमच्या पेनसिल्व्हेनियात दर वर्षी 1 ऑगस्टच्या आत प्रत्येक मुलाचं प्रतिज्ञापत्र शाळा जिल्ह्याकडे द्यायचं, 180 दिवसांची नोंद ठेवायची, तिसरी-पाचवी-आठवीला प्रमाणित चाचणी घ्यायची आणि वर्षअखेर मूल्यमापकाला मुलाच्या कामाची फाइल दाखवायची. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं की यातलं काही नाही, कळवावंही लागत नाही. तिकडच्या मराठी मैत्रिणी मला हसतात.

मला मात्र त्या फाइलीचा उपयोग झाला. दोघं एकत्र शिकत असल्याने धाकट्याचं नेमकं काय होतंय ते धूसर राहायचं. फाइल प्रत्येकाची वेगळी द्यावी लागते. मूल्यमापक बाईंनी धाकट्याची वही बघून विचारलं, "हे अक्षर दोघांचं का?" गुरुजींचं म्हणणं वाचून तेच आठवलं. भारतात असं तिऱ्हाईत कोणी बघत नाही, ही मला घरशाळेतली मोठी उणीव वाटते. बाजूने असूनही.

म्युनिकचा_मन्या:
आमच्याकडे प्रश्नच मिटला. जर्मनीत घरशाळेला परवानगीच नाही. एका कुटुंबाने ऐकलं नाही तर मुलं काही काळ ताब्यात घेतली, आणि 2019 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली. माझी मुलं आवडीने शाळेत जातात, पण हे अतीच आहे.

मी_थोरलीच:
मी घरी शिकलेय. दोन भावंडांत मोठी. आता 26 वर्षांची आहे, नोकरी करते, माणसांत मिसळते, तो प्रश्न बादच करा.

आधी चांगलं. मुक्त विद्यालयाची म्हणजे एनआयओएसची दहावी मी पाच विषय घेऊन सावकाश दिली. 14 पूर्ण झाल्यावर बसता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एप्रिलमध्ये तीन विषय, ऑक्टोबरमध्ये दोन. चुलतभावाचं दहावीचं वर्ष घरात जप्ती आल्यासारखं गेलं, माझं कोणाला कळलंही नाही. राज्याची मुक्त शाळा पाचवी आणि आठवीचीही परीक्षा घेते, तुमच्या मधल्याला ती बघा. एक कागद हातात येईल.

आता दुसरी बाजू. सगळे धाकट्यांच्या फायद्याचं बोलतात: वरचं कानावर पडतं, मोठ्यांचं बघून शिकतात. खरं आहे, माझ्या भावाला झाला तो फायदा. पण थोरलीच्या वर कोणी नसतं. घरातल्या प्रत्येक विषयात मीच हुशार होते, कारण दुसरा स्पर्धक चार वर्षांनी लहान होता. माझ्याच वयाचं आणि माझ्यापेक्षा सरस कोणी असू शकतं हे मला अकरावीत कॉलेजला गेल्यावर कळलं, आणि सहा महिने मी कोणाशी धड बोलले नाही. वर्गात मधल्या बाकावरचं होणं लहानपणी झेपतं. सोळाव्या वर्षी फार लागतं.

तुमच्या थोरलीसाठी तिच्या वयाची, तिच्या तोडीची माणसं शोधा. नाट्यवर्ग, गणित मंडळ, कबड्डी, काहीही. धाकट्यांना सोबत न्यायचं नाही, ही अट.

रानजाई:
बरंच आलंय, जमेल तसं उत्तर देते.

भीमेकाठ, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खोटं खोटं देणार नाही. आमच्या घराला तो कागद लागला नाही हे खरंच आहे.

नदीपल्याड, तिऱ्हाइताची कल्पना आवडली. पण इथे बघणार कोण? अधिकारी बघायला लागला तर आधी वेळापत्रक मागेल आणि मग गणवेश.

मी_थोरलीच, तुझं वाचून गप्प झाले थोडा वेळ. पण एक सांगू? शाळेत असतानाही तिला तिच्या तोडीचं कोणी भेटलं नव्हतं, भेटली ती टवाळी. एका वयाचा वर्ग म्हणजे तोडीची सोबत, हे तू धरून चालली आहेस. तरी नाट्यवर्गाची चौकशी केली, शनिवारी सकाळी आहे. एकटीच जाईल.

ठसका, शनिवार सकाळचं विज्ञान त्यामुळे रविवारी ढकललं.

ठसका:
म्हणजे बाबांचा निम्मा भार कमी झाला. अभिनंदन.

दोनशिक्षकी_गुरुजी:
ताई, वाचनाचं राहिलं.

रानजाई:
घेतलं. सूर्य, क्रम, राष्ट्र बरोबर. कऱ्हाडला अडला, तर आतून थोरलीने ओरडून सांगितलं.

दोनशिक्षकी_गुरुजी:
तेच तर म्हणतोय. तिला जरा वेळ कोपऱ्यावरच्या दुकानात धाडा आणि परत घ्या.

ठसका:
दुकानात बाबांना धाडा. थोरलीला तिचं पुस्तक घेऊन गच्चीत बसू द्या.