व्हेल शार्कसाठी मालदीवचा 'कुठलाही चांगला रिसॉर्ट'? अजिबात नाही!

खारावारा
सहलींच्या धाग्यावर कालचा सल्ला: "व्हेल शार्क बघायचाय? चांगला डाइव्ह रिसॉर्ट घ्या, हाऊस रीफ (रिसॉर्टच्या किनाऱ्यालगतचं प्रवाळ) बघून घ्या, बा अटॉल (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) मिळालं तर सोन्याहून पिवळं." खाली धन्यवादांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

हाऊस रीफ उत्तम असणं आणि व्हेल शार्क दिसणं यांचा काडीचा संबंध नाही. हा मासा अटॉलच्या बाहेरच्या कडेने फिरतो. अरी अटॉलच्या दक्षिणेला धिगुराह बेटापासून रंगाली बेटापर्यंतची कडा २००९ पासून संरक्षित आहे, सुमारे ४२ चौरस किलोमीटर. तिथे तो बारा महिने असतो, बहुतेक वयात न आलेले नर. म्हणजे पहिला प्रश्न एकच: रिसॉर्टची बोट त्या कडेला किती वेळात पोचते? माहितीपत्रकात नुसतं 'अरी अटॉल' असेल तर नकाशा उघडा. अटॉल उत्तर-दक्षिण ८० किलोमीटरहून लांब आणि धोणीचा (तिथली स्थानिक बोट) वेग ८-९ नॉट, म्हणजे ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. उत्तर टोकाहून निघालात तर जाण्यायेण्यातच दहा तास, शोधायला उरतो तास-दीड तास.

आणि डाइव्ह सेंटर कशाला हवं? बोट कडेला समांतर चालते, एक जण टपावर बसून काळी सावली शोधतो, दिसली की मास्क आणि फिन्स (पायातली वल्ही) घालून उडी. सिलिंडर चढवेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो.

बा अटॉलचा हनिफारू उपसागर मुख्यतः मांटा रे माशांसाठी, तेही मे ते नोव्हेंबर. तिथे स्कूबाला बंदी आहे. 'डाइव्ह रिसॉर्ट' घेऊन तिथे जाणाऱ्यांना माझा दंडवत.

दर्यासारंग
बा अटॉलबद्दल सहमत, बाकी अर्धवट. त्याच कडेवरच्या मामिगिली बेटाजवळ डाइव्ह करताना तो वरून जातो तेव्हा खालून जे दिसतं त्याची सर स्नॉर्कलला (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत बघण्याला) नाही. शिवाय अंतर म्हणजे सर्वस्व नव्हे. एका माशाभोवती सात-आठ बोटी आणि पन्नास माणसं जमली की तो सरळ खोल जातो. नियम आहे: अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर, स्पर्श नाही, फ्लॅश नाही. पाळतो कोण? म्हणून विचारायचं की एका गाइडमागे पाण्यात किती माणसं? सहाच्या वर असतील तर रामराम. चांगला गाइड तुम्हाला माशाच्या पुढे पण बाजूला उतरवतो, वाटेत नाही.

खारावारा
डाइव्हमध्ये दिसणं म्हणजे लॉटरी. त्या भरवशावर रिसॉर्ट निवडत नाहीत.

नीलिमा_ठाणे
पैशाचं कुणीच बोलत नाही! जानेवारी २०२५ पासून ग्रीन टॅक्स (पर्यटकांवरचा कर) रिसॉर्टला माणशी रोज १२ डॉलर, पन्नास खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाऊसला ६. धिगुराहच्या गेस्टहाऊसमध्ये राहून तीन वेळा बोटीने जाता येतं. रिसॉर्टला नेणारं सीप्लेन फक्त उजेडात उडतं, तुमचं विमान दुपारनंतर पोचलं तर मालेत एक रात्र वाया. आणि कोणी 'खात्रीशीर दर्शन' म्हणालं तर विचारा, दिसला नाही तर दुसरी फेरी मोफत का? तिथे बोलती बंद होते.

भरतीओहोटी
पोहता न येणाऱ्यांनी काय करायचं? तारकर्लीला पोहणं न येताही स्कूबा करतात की!

दर्यासारंग
हेच ते! तारकर्लीला प्रशिक्षक तुमचा टँक धरून नेतो, तुम्ही फक्त श्वास घेता. अरीच्या कडेला खाली तळ दिसत नाही, वर लाटा, प्रवाह, आणि मासा संथ वाटला तरी ताशी ३-४ किलोमीटर जातो. तलावात न थांबता २०० मीटर पोहता येत नसेल तर बोटीवर बसून फोटो काढा.

मालवणी_माका
तारकर्लीक नावं ठेवू नका हां! हजारो लोकांनी समुद्राची भीती तिथेच टाकली आहे.

दर्यासारंग
नावं नाही ठेवली. पण 'मी स्कूबा केलंय' म्हणत लाइफ जॅकेट घालून उडी मारणारे तिथूनच येतात.

मालवणी_माका
मग जॅकेट काढून बुडायचं का? काहीही!

खारावारा
जाड जॅकेट उभं तरंगवतं, पाय खाली लोंबतात, फिन्स निरुपयोगी. तोंडाने फुगवायचा स्नॉर्कल व्हेस्ट अर्धाच फुगवा, अंग आडवं राहतं. सोबत ३ मिलिमीटरचा शॉर्टी (आखूड हातापायांचा) वेटसूट, त्यानेही तरंगायला मदत होते. नवख्याने गाइडने ओढलेली रिंग धरावी. संपूर्ण चेहऱ्याचा मास्क नको: दमून श्वास वाढला की आत कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, आणि नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत, म्हणजे दोन मीटर खाली जाणंही कठीण.

मालवणी_माका
व्हेस्टचं पटलं. बाकीचा तोरा घरी ठेवा.

भरतीओहोटी
एवढा खटाटोप कशाला? फिलिपिन्सला ओस्लोबमध्ये हमखास दिसतात.

खारावारा
कारण तिथे बोटीतून कोळंबी खायला घालतात. फिलिपिन्सच हवं तर डोनसोल बघा. तिथे खायला घालत नाहीत, मासे नैसर्गिकरीत्या येतात आणि स्कूबा नाही. दिसेलच असं नाही, पण दिसला तर खरा.

नीलिमा_ठाणे
नवखे विसरतात म्हणून: एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास मोकळे हवेत, आणि सीप्लेनही विमानच. मामिगिलीच्या विमानतळावरून निघालात तरी हाच हिशेब. सकाळची फ्लाइट असेल तर आदल्या दुपारी डाइव्ह नाही. शेवटच्या दिवसासाठी 'बोनस डाइव्ह' विकणाऱ्यांपासून सावध.

निळीछत्री
मूळ सल्ला माझा होता. बा अटॉल मागे घेतो, हाऊस रीफ घेत नाही: कुटुंबातल्या ज्यांना बोट लागते त्यांनी दिवसभर काय करायचं? आणि धिगुराहचं एवढं गुणगान चाललंय, तिथे बिअर मिळत नाही हे कुणी सांगितलं का?

दर्यासारंग
स्थानिक बेटांवर कुठेच मिळत नाही. बिकिनीही ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच. ज्यांना दोन्ही हवं त्यांनी दक्षिण अरीचाच रिसॉर्ट घ्यावा आणि १२ डॉलर भरावेत, कुरकुर न करता.