भाच्याच्या खेळण्याची ऑर्डर पडताळणीत अडकली आहे. थांबू की रद्द करू?

कर्वेनगरची मावशी:

नमस्कार मंडळी. जरा घाईतच लिहितेय, वाढदिवस रविवारवर आलाय.

माझा भाचा धानोरीला राहतो, सात वर्षांचा होतोय. आगगाडीचं इतकं वेड की डेक्कन क्वीन जाताना बघायची म्हणून सुट्टीच्या दिवशीही बाबाला पहाटे उठवून खडकी स्टेशनला नेतो. आम्ही भावंडांनी मिळून त्याला लेगोचा ट्रेनचा सेट द्यायचं ठरवलं, रूळ आणि रिमोटसकट. किंमत पंधरा हजारांच्या वर. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणाला पैसे मी भरतो. मी एका मोठ्या शॉपिंग साइटवर नवीन अकाउंट उघडलं, पत्ता बहिणीचा टाकला, मोबाईल नंबर माझा, आणि भावाने व्हिडिओ कॉलवर सांगितलेला त्याच्या तिकडच्या कार्डाचा नंबर घातला. ओटीपी आलाच नाही, पेमेंट लगेच झालं. लवकर पोचावं म्हणून जास्तीचे पैसे भरून एक्स्प्रेस डिलिव्हरी घेतली.

सोमवारपासून ऑर्डरपुढे "पडताळणी सुरू आहे" एवढंच दिसतंय. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "मॅडम, संबंधित टीमकडे आहे, चोवीस तास थांबा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भावाच्या बँकेच्या अ‍ॅपवर मात्र रक्कम दिसतेय, म्हणजे पैसे गेले की काय?

काल एक मेल आला. कार्ड ज्याचं आहे त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि कार्डाचा फोटो पाठवा, कार्डावरचे मधले आकडे झाकून. आणि आज दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर कुरिअर कंपनीच्या नावाने मेसेज, की तुमचा पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरून अपडेट करा नाहीतर पार्सल परत जाईल. खाली लिंक. पाठोपाठ एकाचा फोन, अगदी गोड बोलत होता. "ताई, तुम्ही फक्त स्क्रीन शेअर करा, मी करून देतो." मी फोन ठेवून दिला.

यातलं खरं काय आणि खोटं काय? दुसरीकडे ऑर्डर टाकून मोकळी होऊ का? पोराला सगळ्यांनी सांगून ठेवलंय, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

वाकडचा बाबा:

ताई, सरळ रद्द करा. आमच्याकडे दिवाळीत असंच झालं होतं. बायकोने मुलीसाठी मागवलेलं किचन सेटचं खेळणं त्यांनी "सुरक्षेच्या कारणास्तव" अडकवलं आणि दिवाळी उलटून गेल्यावर आपणहून रद्द केलं. ना फोन, ना मेल. पैसे घेताना एक सेकंद लागत नाही आणि आपल्याला चोर ठरवायला आठवडा. ओळखपत्र वगैरे तर अजिबात पाठवू नका.

खराडीकर:

मावशी, मी एका शॉपिंग साइटच्या ऑर्डर तपासणाऱ्या टीममध्ये काही वर्षं काम केलंय, इथेच खराडीला. तुमची ऑर्डर माझ्या स्क्रीनवर आली असती तर मीही थांबवली असती. का ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आपल्या बँकेचं कार्ड इथल्या साइटवर वापरलं की बहुतेक वेळा ओटीपी येतो, कारण पैसे भरताना अशी दुसरी खातरजमा हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. बाहेरच्या देशातली बरीच कार्डं ओटीपीशिवाय चालतात. फरक इथेच पडतो. ओटीपीने पक्कं झालेलं पेमेंट पुढे चोरीच्या कार्डाचं निघालं, तर भुर्दंड बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर पडतो. ओटीपी नसेल तर खरा कार्डवाला बँकेकडे तक्रार करतो, बँक पैसे दुकानदाराकडून परत खेचते (त्याला चार्जबॅक म्हणतात), आणि दुकानदाराचा मालही जातो, पैसेही जातात. म्हणून अशा ऑर्डरी आधी मशीन बाजूला काढतं आणि मग माणूस बघतो.

आता तुमची ऑर्डर बघा. नवीन अकाउंट, पहिलीच खरेदी, तीही महागडी. कार्ड अमेरिकेचं, पार्सल धानोरीला, मोबाईल तिसऱ्याच माणसाचा, वर एक्स्प्रेस डिलिव्हरी. चोर अगदी असंच करतो. त्याला घाई असते, कार्ड बंद व्हायच्या आत माल हातात हवा असतो. आणि लेगोसारखी खेळणी त्याला फार आवडतात. मोबाईल चोरीला गेला तर आयएमईआय नंबरवरून, म्हणजे प्रत्येक हँडसेटच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून, तो ब्लॉक करता येतो. सीलबंद खेळण्याच्या खोक्याला असं काहीच नसतं. आज घेतलं, उद्या जुन्या-नव्या वस्तूंच्या अ‍ॅपवर जवळपास पूर्ण किमतीला विकलं, कोण विचारतंय?

खेळण्यांच्या ऑर्डरी तपासणं म्हणूनच मला सगळ्यात जड जायचं. खेळणं म्हणजे भेट. पैसे मामाचे, पत्ता बहिणीचा, फोन मावशीचा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. प्रामाणिक माणसाची ऑर्डर आणि लबाडाची ऑर्डर कागदावर हुबेहूब सारखी दिसते. आम्ही मॅपवर सोसायटी शोधायचो, त्या पत्त्यावर आधी काही पोचलंय का ते बघायचो, आणि शंका राहिली तर फोन करायचो. फोनवर एकच साधा प्रश्न: काय मागवलंय आणि कोणासाठी? खरी मावशी लगेच भाच्याचं गाडीवेड सांगायला लागते. लबाड माणसाला कधी कधी ऑर्डरमध्ये काय आहे तेही आठवत नाही. हा एक फोन दोन मिनिटांचा असतो. तो न करता गिऱ्हाइकाला "संबंधित टीम" म्हणून ताटकळत ठेवणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग येतो. वाकडच्या दादांची चीड अगदी रास्त आहे. तपासा, पण माणसाला सांगून तपासा.

पैशांचं: भावाला अ‍ॅपमध्ये त्या रकमेपुढे "पेंडिंग" लिहिलंय का ते बघायला सांगा. बहुतेक तेच असेल. म्हणजे बँकेने रक्कम फक्त राखून ठेवली आहे, दुकानदाराच्या खात्यात अजून गेलेली नाही. हॉटेलात खोली घेताना डिपॉझिट अडकवतात तसं. ऑर्डर रद्द झाली तर तो होल्ड सुटतो, दिवस बँकेप्रमाणे कमीजास्त लागतात. म्हणून त्याच कार्डाने घाईघाईत दुसरी ऑर्डर टाकू नका. आणखी तेवढीच रक्कम अडकेल, आणि लागोपाठचे प्रयत्न बघून मशीनचा संशय वाढेल.

मेलचं: अशी मागणी काही साइट खरोखर करतात, पण मेल खरा आहे असं मानून चालू नका. मेलमधल्या कुठल्याही लिंकवर किंवा नंबरवर जाऊ नका. साइटचं अ‍ॅप स्वतः उघडा, तिथल्या मदत विभागातून ऑर्डर नंबर देऊन विचारा, की हा मेल तुमचाच का. हो म्हणाले तर उत्तर भावाने द्यावं, कारण कार्ड त्याचं आहे. कार्डाच्या फोटोत शेवटचे चार आकडे आणि नाव दिसलं की पुरे. मागची बाजू, जिथे बहुतेक कार्डांवर सीव्हीव्ही (पैसे भरताना विचारतात तो छोटा गुप्त नंबर) असतो, ती कधीच पाठवायची नाही. फोटो पाठवणं पटत नसेल तर स्पष्ट सांगा, की आम्हाला नको, ऑर्डर रद्द करा, आम्ही इथल्या कार्डाने किंवा यूपीआयने नव्याने भरतो. आपलं पेमेंट ओटीपीचं किंवा यूपीआय पिनचं असलं की निम्मी शंका तिथेच मिटते. सगळ्यात लवकर सुटण्याचा रस्ता मला हाच वाटतो.

कुरिअरवाला मेसेज शंभर टक्के बनावट. तुमचं पार्सल अजून गोदामातून निघालेलंच नाही, तर पत्ता अपूर्ण कुठल्या कुरिअरला सापडला? असे मेसेज हजारोंना जातात, त्यातले काही जण कशाची तरी वाट बघत असतातच. पाच रुपयांची लिंक हे निमित्त, हवा असतो तो कार्डाचा नंबर नाहीतर फोनचा ताबा. स्क्रीन शेअर केली असती तर पुढचा प्रत्येक ओटीपी त्याने तुमच्याबरोबर वाचला असता. फोन ठेवलात ते फार बरं केलंत. घरातल्या मोठ्या माणसांनाही एवढं सांगून ठेवा: खरा तपासणारा ओटीपी, सीव्हीव्ही, पिन मागत नाही. कोणाचे पैसे गेलेच तर तासभरही न थांबता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात पोचायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते.

आणि एक. ऑर्डर सुटल्यावर कुरिअरला फोन करून पत्ता बदलायला सांगू नका, "बहिणीऐवजी माझ्याकडे कर्वेनगरला आणा" वगैरे. तपासणी पार करून मग पत्ता फिरवणं ही चोरांची जुनी युक्ती आहे. पार्सल तिथल्या तिथे परत बोलावतात.

वाकडचा बाबा:

हे मला कोणी त्या वेळी सांगायला हवं होतं. पण साइटने जबाब दिलाच नाही तर सामान्य माणसाने काय करायचं?

खराडीकर:

दादा, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. बहुधा अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याच्या आत, असं नियमातच लिहिलंय. कस्टमर केअरला दहा फोन करण्यापेक्षा तिथे एक लेखी तक्रार करा, ऑर्डर नंबर आणि तारखांसकट. तिथूनही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

रविवार पेठेतली काकू:

मावशीबाई, रविवार हुकू नये म्हणून सांगते. बोहरी आळीत एक चक्कर टाका. तोच सेट मिळेल असं नाही, पण रुळावर धावणारी बॅटरीची गाडी नक्की मिळेल, हातात घेऊन, चालवून बघून. मोठी भेट मागून येऊ दे. शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आणि आयएसआयचा शिक्का बघून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, तरी बिनशिक्क्याचा माल अजून कोपऱ्यात दिसतो. मुलाच्या तोंडात जाणारा रंग आहे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना, तेही बघा.

कर्वेनगरची मावशी:

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाच्या अ‍ॅपमध्ये खरंच "पेंडिंग" लिहिलं होतं, रात्रभर तो उगाच चिडून बसला होता. साइटच्या अ‍ॅपमधून विचारलं. मेल त्यांचाच निघाला, पण कार्डाचा फोटो पाठवायला भाऊ तयार नाही आणि मलाही ते बरोबर वाटत नाही. तसं लिहून कळवलं, तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावरही पाठवलं. गंमत म्हणजे त्यानंतर तासाभरात फोन आला, पहिल्यांदाच जिवंत माणसाचा! मुलीने नीट ऐकून घेतलं, ऑर्डर रद्द केली. मी लगेच माझ्या यूपीआयने नवी ऑर्डर टाकली आणि ती पुढे सरकली. सोमवारची तारीख दाखवतेय. भावाचा होल्ड सुटला की तो मला पैसे पाठवेल. तो व्हॉट्सअ‍ॅपवाला नंबर मी संचार साथी या सरकारी साइटवर "चक्षु"मध्ये, म्हणजे संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या विभागात, नोंदवला.

काकू, उद्या सकाळीच बोहरी आळीत जाते. गाडी घ्यायचीच आहे आता.

सिंहगड रोडची ताई:

एक विचारू? अशी कोणी ओळखपत्राची प्रत मागितलीच, तर आधार द्यावं का?

खराडीकर:

शक्यतो नको, दुसरं ओळखपत्र चालतं का ते आधी विचारा. आधारच द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर ई-आधार डाउनलोड करताना तो पर्याय निवडावा लागतो. प्रतीवर कशासाठी दिली आहे आणि तारीख हेही आडवं लिहून टाका.