राधानगरी धरण तळाला गेलंय का? खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या फुटव्याला) खत टाकू की थांबू?

खोडवा_दोनएकर: गावच्या ग्रुपवर सकाळपासून एकच मेसेज फिरतोय. राधानगरीत २० दिवसांचंच पाणी, सोमवारपासून उपसाबंदी, म्हणजे नदीवरच्या मोटरी बंद. सोबत कोरड्या नदीचा फोटो. युरिया आणून ठेवलाय. टाकला आणि पाण्याची पाळी चुकली तर सगळं वाया. लवकर सांगा, उद्या माणसं येणार आहेत.

भोगावतीकर: गाव कुठलं? मोटर कुठल्या नदीवर?

ठिबकवाला: दादा, ठिबक करा. मी तीन वर्षांपूर्वी केलं, तेव्हापासून उपसाबंदीचं टेन्शनच गेलं.

खोडवा_दोनएकर: ठिबकाला आत्ता पैसे नाहीत. मोटर नदीवरच आहे की.

पेठेतला: शहरात आमच्या गल्लीत चार दिवस नळ नाही आणि तुम्हाला उसाची पडलीय. १९७२ पेक्षा वाईट दिवस आलेत.

भोगावतीकर: काहीही बोलू नका. बहात्तरला लोक खडी फोडायला जात होते. तुमचा त्रास खरा आहे, पण नळ न येणं म्हणजे धरण आटणं नव्हे. पंप बंद असेल, नाहीतर पाइप फुटली असेल. असं वाढवून सांगितलं की खऱ्या तक्रारीकडेही कोणी बघत नाही.

पूररेषा: राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. अजून काळजी नको.

भोगावतीकर: ते पुराचं झालं ओ. इथं टंचाईचं चाललंय.

बंधाऱ्यावरचा: फोटो बघितला. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेल्या बंधाऱ्याच्या खालचा दिसतोय. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटेपर्यंत तिथं दगड उघडे पडतातच. धरणाचं बघायचं तर टीएमसी (अब्ज घनफूट) बघा. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा किती उरलाय ते विचारा. पण गाव सांगा आधी!

खोडवा_दोनएकर: यवलूजच्या वर.

भोगावतीकर: अहो, म्हणजे कासारी! राधानगरीचं पाणी भोगावतीनं येतं, कासारीला मिळतं ते प्रयाग चिखलीला. तुमच्या मोटरीपर्यंत ते चढणार कसं? तुमचं धरण गेळवड्याचं.

पेठेतला: आणि आमच्या नळाचं काय?

बंधाऱ्यावरचा: कासारीची उपसाबंदी वेगळी लागते. पाटबंधारेच्या शाखेत जाऊन तारखांचं पत्रक बघा, ग्रुपवर विसंबू नका. पाला पेटवला नाही ना? सरीत ठेवला असेल तर ओल टिकते, एखादी पाळी लांबली तरी खोडवा तग धरतो.

खोडवा_दोनएकर: पाला आहे. शाखेत फोन केला होता, उचलला नाही. उद्या स्वतः जातो. माणसं परवावर ढकलली. त्या मेसेजवर आमच्या भावकीतल्या दोघांनी कर्ज काढून बोअर मारायचं ठरवलंय, त्यांना आत्ताच सांगून येतो.

ठिबकवाला: त्यांनाही ठिबकचं सांगा.