डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि तोंडाने श्वास घेणारी मुले : आपले अनुभव

निळाई :
काल भाचीचा फोटो पाहिला. डोळ्यांखालची काळसर छटा आणि किंचित उघडे राहिलेले तोंड पाहून माझ्या मुलाची आठवी-नववीची वर्षे आठवली. जो तो त्याला "रात्री जागतोस का?" असे विचारायचा, आणि तो तर वेळेवर झोपत असे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्याच्या नाकावरची आडवी रेघ दाखवली. तळहाताने नाक सतत वर घासल्याने ती पडते आणि ती बहुधा ॲलर्जीच्या सर्दीची खूण असते. नाकातले अस्तर सुजले की तिथून परतणारे रक्त शिरांमध्ये तुंबते आणि डोळ्यांखालची त्वचा अतिशय पातळ असल्याने ते निळसर-काळे दिसते, असे त्यांनी समजावले. आपल्याकडे काय कारण निघाले, ते जरूर लिहावे.

पाऊलवाट :
आमच्याकडेही ॲलर्जीच होती. मुलगी नाकातला स्प्रे मधल्या पडद्यावर मारायची, त्यामुळे घोळणा फुटायचा. मान थोडी खाली झुकवून, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला वळवून मारायला शिकवल्यावर तो त्रास थांबला. स्टिरॉइडच्या स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात. तोवर धीर सोडू नये.

रातवा :
नाक लगेच मोकळे करणारे थेंब मात्र वेगळे. ते सलग तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट जास्तच चोंदते.

गवतफूल :
मुलाचे घोरणे मध्येच थांबायचे, छाती हलत राहायची पण श्वासाचा आवाज नाही, आणि मग दचकल्यासारखा एक मोठा श्वास. पूर्ण झोपूनही तो वर्गात पेंगायचा आणि शाळेत त्याला आळशी म्हणत, याचे मला आजही वाईट वाटते. निद्रा-तपासणीत झोपेत श्वास अडत असल्याचे निष्पन्न झाले. नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी साधारणपणे किशोरवयात आक्रसतात, त्याच्या तशाच मोठ्या राहिल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर तो तोंड मिटून झोपू लागला.

पाऊलवाट :
गवतफूल, तुमच्या लेकाने फार सोसले हो. आता बरा आहे, हे वाचून बरे वाटले.

सावली :
आमच्या घरात आजी, आई, मी आणि लेक, सगळ्यांच्याच डोळ्यांखाली अशी छटा आहे. नाक स्वच्छ, झोप शांत, रक्तातले लोहही ठीक. त्यामुळे हे आनुवंशिक आहे, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. अशा मुलींच्या मागे मलमे घेऊन लागू नये, असे मला मनापासून वाटते. तोंडाने श्वास घेणे मात्र "घराण्यातच आहे" म्हणून सोडून देऊ नये.

रातवा :
आमच्याकडे तोंडाने श्वास घेण्याची पहिली शंका दातांच्या डॉक्टरांना आली. नीट ब्रश करूनही वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या लाल आणि सुजलेल्या होत्या, कारण तोंड रात्रभर कोरडे पडत होते.

गवतफूल :
झोपताना ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला हल्ली दिला जातो; नाक चोंदलेले असताना ते धोक्याचे आहे, कृपया करू नये.

निळाई :
सर्वांचे आभार. आमच्या तज्ज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट लिहायची राहिली : किशोरवयीन मुलाची एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल आणि त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर ॲलर्जी समजून थांबू नये, लगेच तपासून घ्यावे.