मनीला शनिवारी इंजेक्शनला न्यायचंय

सोसायटी ग्रुप, वसमत रोड, परभणी

सोमवार

बी-३०२ (ताई): नमस्कार सगळ्यांना. शनिवारी मनीला रेबीजचं वर्षाचं इंजेक्शन आहे. मागच्या साली बाजाराच्या पिशवीत नेलं होतं. दवाखान्याच्या दारात कुत्रं भुंकलं, ही पिशवीतून उसळली अन् दोन तास गाडीखाली बसून राहिली. काढताना माझा हात पार ओरबाडला. यंदा कसं न्यावं?

सी-१०१ (आजोबा): हात साबणानं धुतला होता ना? चावलं, ओरबाडलं की १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवायचं अन् लगेच माणसांच्या दवाखान्यात दाखवायचं. घरचंच मांजर आहे म्हणून सोडू नये.

बी-३०२: हो आजोबा, त्याच दिवशी दाखवलं होतं.

ए-१०४ (काका): ताई, पिशवी अजिबात नको. आमच्याकडं जाळीच्या दाराचा प्लास्टिकचा पिंजरा आहे, आजच घेऊन जा. त्याचं वरचं झाकण निघतं, म्हणजे मनीला ओढून काढायची गरज नाही. खालच्या भागात बसल्या बसल्या डॉक्टर तपासतात.

बी-३०२: काका, पिंजरा दिसला की ती पलंगाखाली जाते. हाताला लागतच नाही.

ए-१०४: कारण तो तिला फक्त दवाखान्याच्या दिवशी दिसतो. आमच्या बोक्याचंही तसंच होतं. तुमच्याकडं अजून पाच दिवस आहेत. आजच पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात ठेवा, दार काढून ठेवा. आत तुमची जुनी सुती साडी अंथरा, धुतलेली नको, तुमच्या अंगाचा वास असलेली. पहिल्या दिवशी खाण्याची वाटी पिंजऱ्याजवळ, मग दारात, मग आत. तिला उचलून आत कोंबू नका, बोलावूसुद्धा नका. एकदा जबरदस्ती झाली की आधीचं सगळं वाया जातं. रोज मांडीवर घेऊन पंजे, कान, तोंड हळूच चाचपा, म्हणजे टेबलावर परक्या हाताला बिचकणार नाही.

डी-२०३ (दादा): आम्ही शेरूला पशुवैद्यकीय कॉलेजात नेतो. १९७२ पासूनचं कॉलेज आहे, तिथं गाई-म्हशी, बैल, शेळ्या सगळं येतं. मांजराला तो वास अन् हंबरणं नवीन. पिंजऱ्यावर ओला नाही, कोरडा टॉवेल टाका. खाली ठेवू नका, बाकावर किंवा मांडीवर घ्या.

बी-३०२: सकाळी खायला द्यावं का?

डी-२०३: गाडीत उलटी होत असेल तर निघायच्या दोन-तीन तास आधीपासून खाणं बंद. पाणी चालतंय. लसीचं कार्ड अन् जंताच्या औषधाची तारीख घेऊन जा, सकाळची ताजी शी डबीत नेली तर जंत तपासता येतात. अन् उन्हाच्या आत जा. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका, परभणीचं ऊन माहितीच आहे.

ए-२०२ (वहिनी): इंजेक्शननंतर ताप आला तर घरातली पॅरासिटामॉल अर्धी दिली तर?

ए-१०४: वहिनी, कधीच नाही! मांजराला पॅरासिटामॉल विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. एखादा दिवस सुस्त राहणं, कमी खाणं चालतं. पण तोंड सुजलं, उलट्या लागल्या, धाप लागली की तसंच परत न्यायचं. म्हणून इंजेक्शन झाल्यावर वीस मिनिटं तिथंच बसा.

बी-३०२: लिहून घेतलं. ती आजकाल पाणी जास्त प्यायलीय, हेही सांगावं का?

ए-१०४: आवर्जून सांगा. किती दिवसांपासून, किती वाट्या, लघवी वाढली का, सगळं आजपासून लिहा. डॉक्टरांना आपण सांगू तेवढंच कळतं, ती काही बोलून दाखवणार नाही.

बुधवार

बी-३०२: काका, दुपारी पिंजऱ्यात जाऊन झोपली! साडीवर, तोंड आत करून. शेपटी तेवढी बाहेर होती. दार लावून बघू का?

ए-१०४: आज नको. उद्या खाताना अर्धा मिनिट लावा अन् तिचं खाणं व्हायच्या आत उघडा.